वाचकांचे प्रश्न : आजार घेऊन लग्नकार्याला जाताना

लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. गोळ्या-तपासण्या मागे पडतात आणि ‘जावं की नको’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या आजारांच्या नावाने येत राहतो. कार्याला जायचं म्हणजे पहाटेपासून वरातीपर्यंत हजर राहायचं, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. त्यातला कुठला भाग, किती वेळ आणि कुठल्या खुर्चीवर, हे आधी ठरवलं तर बरंच काही जमतं. खालच्या उत्तरांत औषधांच्या वेळा आल्या आहेत. त्यांत फेरफार करायचा तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाची गोळी सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८ वाजता असते. चुलतबहिणीचं लग्न नाशिकला, मुहूर्त १२.३५चा. मागच्या लग्नात कार्यालयाच्या दारातच त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, मागून रेटारेटी सुरू. जेवणानंतर तर पार गळून गेले. आता ‘मला नेऊ नका’ म्हणतात. – मुलगा, सिन्नर

उत्तर : आधी घड्याळाचं बघू, निम्मी अडचण तिथेच आहे. १२ची गोळी १२लाच घ्यायची, पाण्याबरोबर, जेवणाआधी. तिचा असर जाणवायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, म्हणजे अक्षता पडतील तेव्हा वडील बऱ्यापैकी मोकळे हालत असतील. मुहूर्त लांबला तरी गोळी लांबवायची नाही. ‘आता पानं मांडतीलच, जेवून घेतो’ हे लग्नात हमखास होतं आणि तिथेच गणित फिसकटतं. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. जेवणातली प्रथिनं पचून तयार होणारी अमिनो आम्लं आतड्यात आणि पुढे मेंदूत शिरताना त्याच वाटेने जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते.

लग्नाच्या ताटात प्रथिनं असतात ती वरणात, मठ्ठ्यात, पनीरच्या भाजीत, श्रीखंडात किंवा बासुंदीत. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी यांचा त्रास त्या मानाने कमी. सगळ्याच रुग्णांना हा फरक जाणवतो असं नाही, पण ज्यांचा गोळीचा असर दोन डोसांच्या मध्येच उतरू लागतो त्यांना जाणवतो. म्हणून त्या दुपारी श्रीखंड दोन चमचे, वरण थोडं, आणि उरलेलं रात्रीच्या जेवणात भरून काढायचं. रोजच्या जेवणातून प्रथिनं कायमची तोडू नका, वजन आणि स्नायू दोन्ही घटतात. पहिल्या पंगतीत बसवा, सव्वाच्या सुमारास. अडीच-तीनला भरपेट जेवण झालं तर ४ची गोळी उशिरा लागू पडते आणि नेमका परतीचा प्रवास अवघड होतो.

जेवणानंतरच्या गळून जाण्याला दुसरंही कारण असू शकतं. या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो, जड जेवण आणि मांडवातला उकाडा त्यात भर घालतात. जेवून झाल्यावर लगेच उठवू नका. खुर्चीच्या कडेवर आणा, मिनिटभर पावलं वरखाली हलवू द्या, मग उठवा. सकाळपासून पाणी पीत राहू द्या. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडणं ही घरोघरी होणारी चूक आहे. त्याने रक्तदाब आणखी उतरतो आणि मुळातच असलेली बद्धकोष्ठता वाढते.

आता दार. पाय चिकटतात ते दारात, खुर्च्यांच्या अरुंद बोळात, वळताना आणि कोणी घाई केली की. अशा वेळी हात धरून ओढलं तर वरचं अंग पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस पडतो. मागच्यांना थांबवा. वडिलांना पूर्ण थांबू द्या, सरळ उभं राहू द्या, मग अंगाचा भार एकदा उजव्या, एकदा डाव्या पायावर, असं दोन-तीनदा डोलू द्या. नंतर फरशीची आडवी रेघ दाखवून ‘हिच्यावरून पाऊल टाका’ म्हणा. रेघ नसेल तर तुमचं स्वतःचं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवा, ते ओलांडायला सांगा. कागदावर हे खुळचट वाटतं, प्रत्यक्षात चालतं. कारण आपोआप चालण्याची यंत्रणा अडली तरी ठरवून टाकलेलं पाऊल दुसऱ्या वाटेने पडू शकतं. वळायचं असेल तेव्हा जागच्या जागी गिरकी नको, चार-पाच पावलांचा मोठा वळसा घ्या. आणि मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा. रिकाम्या दारातून जाणं सोपं.

पुढच्या रांगेतल्या सोफ्याचा मान नम्रपणे नाकारा. त्यातून उठता येत नाही. हाताची प्लास्टिकची खुर्ची घ्या आणि एकात एक बसणाऱ्या दोन खुर्च्या मागा, बैठक थोडी उंचही होते आणि पक्कीही. जागा रांगेच्या टोकाला, बाहेरच्या वाटेजवळ.

बुफे असेल तर ताट दुसऱ्याने आणावं. ताट सांभाळणं आणि चालणं ही दोन कामं एकदम करताना तोल जातो. ग्लास निम्माच भरा. घास तोंडात असताना कोणी गप्पा मारू लागलं तर तुम्ही बोला, त्यांना गिळू द्या.

अजून एक, आणि हे चिठ्ठीवर लिहून वडिलांच्या खिशात ठेवा. लग्नात उलटी झाली, चक्कर आली की जवळचा डॉक्टर इंजेक्शन देतो. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन नेहमीची औषधं पार्किन्सन्समध्ये चालत नाहीत, लक्षणं भडकतात. त्याऐवजी काय चालेल ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून आधीच त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.

प्रश्न : वय ३१. कोविडनंतर डॉक्टरांनी एमई म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं निदान केलं आहे. बहिणीच्या साखरपुड्याला दिवसभर होते. त्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या रात्रीपासून दोन आठवडे अंथरुणात. आता तिचं लग्न आहे : मेंदी, हळद, लग्न, तीन दिवस. घरचे म्हणतात, ‘एकदाच तर आहे, रेटून ने.’ – पुणे

उत्तर : रेटून नेऊ नका. तुमच्या आजाराचं मुख्य लक्षणच ते आहे की श्रमाची वसुली उशिरा होते, बहुधा १२ ते ४८ तासांनी, आणि ती दिवस-आठवडे चालते. म्हणून ‘संध्याकाळी तर छान हसत होती’ हा पुरावा ठरत नाही. ‘थोडं थोडं वाढवत नेलं की सवय होईल’ हा सल्लाही मागे पडला आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार एमईसाठी देऊ नये असं स्पष्ट केलं. घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

श्रम म्हणजे चालणं एवढंच धरू नका. केस धुणं, साडी नेसणं, प्रवास, झगझगीत दिवे, सनई-डीजे, चाळीस माणसांना ‘कशी आहेस’चं उत्तर देणं, सगळं त्याच खात्यातून जातं. कित्येकांचा दिवस कार्यालयात पोहोचण्याआधी तयारीतच संपतो. तेव्हा कात्री तिथून लावा. केस दोन दिवस आधी, दुसऱ्या कोणीतरी धुवावेत. साडी शिवलेली घ्या, निऱ्या आधीच टाचलेल्या. अंघोळ आदल्या संध्याकाळी, स्टुलावर बसून. दागिने गळ्यात एक, कानात हलके. हे सगळं करून जी ताकद वाचते ती अक्षतांच्या वेळी वापरायची.

तीन दिवसांतून काय निवडायचं? मेंदी सोडा. दोन तास हात पुढे धरून, माणसांच्या गराड्यात बसणं आणि शिवाय गाणी. हातावर छोटीशी नक्षी घरीच, झोपून काढून घेता येते. हळदीला घरच्यांपुरता सुरुवातीचा अर्धा तास. लग्नाला मुहूर्ताआधी पंधरा मिनिटं ते नंतर अर्धा तास. हा आकडा तुमच्या घरच्या रोजच्या हालचालीवरून ठरवा. घरात सलग वीस मिनिटं बसून थकत असाल तर कार्यालयात पाऊण तास जमणार नाही, तेव्हा फक्त मंगलाष्टकांना या. आणि जे दिवसचे दिवस अंथरुणालाच आहेत त्यांनी जाऊच नये असं आम्ही सरळ सांगतो. त्यांना व्हिडिओ कॉलवर लग्न दाखवा, तेही दहा मिनिटं.

कार्यालयातली एक खोली तुमच्या नावाने हवी. तळमजल्यावर, गादी असलेली, आतून कडी लागणारी. वधूपक्षाची खोली चालणार नाही, तिथे पिना, पिशव्या आणि आत्या-माम्यांची ये-जा असते. आल्या आल्या आडव्या व्हा, थकवा जाणवायच्या आत. मुहूर्ताला खुर्चीवर, नंतर पुन्हा आडव्या. पाय खाली सोडून बसण्यापेक्षा समोर छोट्या स्टुलावर ठेवले तर चक्कर आणि धडधड कमी होते. सोबत मीठ-साखरेचं पाणी असू द्या, रक्तदाब जास्त असेल तर मात्र आधी विचारून.

आवाजासाठी फोमचे इअरप्लग घ्या, औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी खुपसतात, मग आवाज थांबत नाही. बोटांत वळून बारीक सुरळी करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, सुरळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. खुर्ची स्पीकरच्या रेषेत नको. अंबाड्यात गजरा माळला तर इअरप्लग झाकले जातात का, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. केस थोडे कानावर घ्या, झालं.

फोटो बसून, आणि सर्वांत आधी. आहेराच्या रांगेनंतर ‘आता घरच्यांचा एक’ म्हणून जो फोटो निघतो त्याला तासभर लागतो.

निघायची वेळ घड्याळावर ठरवा, अंगावर नको. गर्दीत उत्साहाच्या भरात तासभर बरं वाटतं आणि नेमका तोच तास महाग पडतो. एका माणसाला, शक्यतो जावई किंवा मावसभाऊ असा कामात नसलेला, हेच काम द्या : १ वाजले की गाडी दारात. आधीचे तीन आणि नंतरचे सात दिवस कोऱ्या कॅलेंडरचे ठेवा. पाहुणे घरी उतरणार असतील तर तुमची झोपायची खोली त्यांना दिली जाणार नाही, हे आईशी आत्ताच बोलून घ्या.

प्रश्न : मला मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) आहे. घरात भिंतीला धरून चालते, बाहेर व्हीलचेअर. पुतण्याचं लग्न मे महिन्यात जळगावला. तो म्हणतो, ‘काकू, स्टेजवर यायचंच, चार पोरं उचलतील.’ मला ते नको वाटतं. – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको वाटतं तर नको, एवढं कारण पुरेसं आहे. तरी पुतण्याला आकडा सांगा. व्हीलचेअरच्या उताराला उंचीच्या बारा पट लांबी लागते. ३ फूट उंच स्टेजला ३६ फूट उतार. मंडपवाला जी ८ फुटी फळी टाकून देतो ती घसरगुंडी असते. त्यापेक्षा नवरा-नवरीने खाली उतरावं. फोटोग्राफरला आधी सांगून ठेवलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

कधी दोन-तीन पायऱ्या चढवाव्याच लागल्या तर खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करा, मोठी चाकं पायरीला टेकवा. एक जण मागून मुठींना धरून मागे झुकवत खेचेल, दुसरा समोरून खालच्या सांगाड्याला धरेल. खुर्चीच्या हातांना आणि पायपट्ट्यांना कोणी धरायचं नाही. अनेक खुर्च्यांत ते भाग सुटे असतात आणि उचलताना हातात येतात. हिरवळीवर किंवा जाड मॅटिंगवर पुढची छोटी चाकं रुततात, तिथे खुर्ची उलटी ओढत न्या.

उन्हाचं जास्त महत्त्वाचं. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी या आजारात नजर धूसर होणं, पाय जड पडणं असं होऊ शकतं. उट्‌हॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९०मध्ये हे नोंदवलं, आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. हा नवा अटॅक नसतो. गार झालात की उतरतं. निघण्याआधी गार पाण्याने अंघोळ करा, मानेभोवती सुती पंचा ओला करून ठेवा, थर्मासमधलं बर्फाचं पाणी घोट-घोट प्या. रेशमी शालू आणि भरजरी ब्लाउज त्या दिवशी दुसऱ्या कोणाला द्या. जागा हॅलोजनच्या आणि कापडी छताच्या खाली नको, कूलरच्या झोतात हवी. गार होऊनही अशक्तपणा २४ तासांहून जास्त राहिला, ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली तर डॉक्टरांना फोन करा.

आणि कार्यालयाची खात्री. ‘हो हो, सगळी सोय आहे’ या उत्तराला काही अर्थ नसतो. तिथल्या माणसाकडून फोनवर तीन फोटो मागवा : मुख्य दाराच्या पायऱ्या, संडासाचं दार उघडं असताना, आणि आतलं भांडं. दाराची मोकळी जागा टेपने मोजून सांगायला सांगा, उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत. साध्या खुर्चीची बाहेरची रुंदी साधारण २४ ते २६ इंच असते. दार किमान ३२ इंच हवं. भारतीय पद्धतीचाच संडास असेल तर घडीची कमोड खुर्ची सोबत न्या, आणि ती ठेवायला खोली आधीच मागा.

प्रश्न : आठवड्यातून तीनदा डायलिसिस, शनिवारी एक. भाचीचं लग्न नेमकं शनिवारी. एक वेळ चुकवली तर? चुडा भरायलाही बोलावलंय. – सांगली

उत्तर : चुकवायची नाही. शनिवार गेला तर पुढची पाळी येईपर्यंत पाणी आणि पोटॅशियम साठत राहतं, आणि पोटॅशियम वाढलं की थेट हृदयाचा ठोका बिघडतो. केंद्राला दोन-तीन आठवडे आधी सांगून शुक्रवारची पाळी मागा. शनिवारी पहाटेची मिळाली तर डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, दोन तास झोपूनच निघा.

चुडा फिश्चुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हातात भरा. फिश्चुलाच्या हातात घट्ट बांगडी, घड्याळ, दंडाला रुतणारी बाही, कोपरावर अडकवलेली आहेराची पिशवी, काहीही नको. काच फुटून तिथे लागलं तर रक्त थांबता थांबत नाही. स्वागताला नारळपाणी आलं तर हात जोडा, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. केळं, सुकामेवा, बटाट्याच्या भाजीचंही तेच. मठ्ठा, आमटी आणि आइस्क्रीम ही सगळी तुमच्या पाण्याच्या हिशोबात धरा. पापड-लोणचं टाळलं तर तहानच कमी लागते.

प्रश्न : मैत्रिणीला तीव्र संधिवात आहे. मी दर वेळी कार्याला, हळदीकुंकवाला बोलावते, ती दर वेळी काहीतरी सांगून टाळते. आता बोलावू की नको? – डोंबिवली

उत्तर : बोलवा, पण ‘जमेल तशी ये’ म्हणू नका. ते ऐकायला मोकळं वाटतं, पण सगळं ठरवण्याचं ओझं तिच्यावरच पडतं. तिला माहिती द्या : किती पायऱ्या, लिफ्ट आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का, जेवण नक्की किती वाजता, कमोड आहे का, उंच खुर्ची ठेवली आहे. सकाळचा कार्यक्रम असेल तर तिचं येणं कठीणच. या आजारात सकाळी सांधे तास-तास आखडलेले असतात. संध्याकाळी पाचचं हळदीकुंकू तिला जमेल.

आली की खाली सतरंजीवर बसण्याचा आग्रह नको, ‘वाकून नमस्कार कर गं’ नको, हातात हात घेऊन दाबणं तर मुळीच नको, बोटांच्या सांध्यांतून कळ जाते. वाण पातळ पिशवीच्या बंदात अडकवून दिलंत तर तो बंद बोटांत रुततो. खांद्याला लावायची कापडी पिशवी ठेवा. तिळाची वडी मऊ गुळाची द्या, जबड्याचा सांधाही धरलेला असू शकतो.

आणि हळदीकुंकू तिच्या घरी करायचं असेल तर तिने उंच टेबलाशी बसावं, बायकांनी तिच्यापुढे यावं. अत्तरदाणीचा दट्ट्या दाबणं आणि गुलाबदाणी झटकणं हे मनगटाचं काम पोरींकडे द्या, वाण टेबलावर मांडून ठेवा, जिचं तिने उचलावं.